ट्रकचा इंजेक्टर पुन्हा पुन्हा जातोय? पुढचा टाकण्याआधी हे तपासा

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलला, गाडी दोन-तीन महिने मस्त चालली आणि पुन्हा मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न चालणं) सुरू. पुन्हा कव्हर उघडायचं, पुन्हा नवा इंजेक्टर, पुन्हा मोठं बिल. ज्याच्या एक-दोनच गाड्या आहेत त्याचं यात कंबरडं मोडतं, कारण गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. मी आमच्या गाड्यांचं मेंटेनन्स बघतो आणि या चक्रातून आम्ही गेलो आहोत. इंजेक्टर सहसा आपणहून जात नाही, त्याला काहीतरी मारतं. दुसऱ्यांदा गेला की बदलाबदली थांबवा आणि मारणारा कोण ते शोधा. तो शोध कुठल्या क्रमाने घ्यायचा ते खाली लिहिलंय.

हे सगळं कॉमन रेल इंजिनांबद्दल आहे, ज्यांना आपण सीआरडीआय म्हणतो. यात पंप हाय प्रेशरचं डिझेल रेल नावाच्या एका नळीत भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं. एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आलं तेव्हा काही ट्रक जुन्या पंपावरच निघाले होते, पण एप्रिल २०२० नंतरचा बीएस-६ ट्रक म्हटला की कॉमन रेल आलंच. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीला यातला डिझेलचा आणि वायसरचा (इंजेक्टरखालच्या तांब्याच्या चकतीचा) भाग लागू पडेल, बाकीचा नाही.

आधी हात सांभाळा

जुने मिस्त्री चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते ओळखायचे. कॉमन रेलवर हे करायचंच नाही. फुल लोडला रेलमध्ये १६०० ते २००० बार प्रेशर असतं. त्या प्रेशरने निघालेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण आत मांस सडायला लागतं आणि बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं कुणाला झालं तर मलमपट्टी करत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि "हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. लीक शोधायचा तर पुठ्ठा फिरवा, हात नाही. इंजिन बंद केल्यावरही प्रेशर उतरायला काही मिनिटं द्या, मगच पाना लावा.

लागणारं सामान आणि कागद

- त्या इंजिनला चालणारा स्कॅनर, किंवा तो असलेला माणूस. नुसता बिघाडाचा कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर पुरत नाही. रेल प्रेशर चालू गाडीत दिसलं पाहिजे, सिलिंडर कट करता आला पाहिजे आणि इंजेक्टरवर छापलेला कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये (ईसीएममध्ये) टाकता आला पाहिजे
- टॉर्क पाना, आणि इंजिनच्या पुस्तकातले टॉर्कचे आकडे
- मल्टिमीटर
- स्वच्छ काचेच्या बाटल्या, तीन-चार
- पारदर्शक डिझेल पाइपचा हातभर तुकडा
- चांगली टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, भिंग
- उघडे पाइप झाकायला स्वच्छ प्लॅस्टिकची बुचं. कापडाचे बोळे नकोत, धागे आत जातात
- आधीच्या सगळ्या इंजेक्टरची बिलं, इंजेक्टर तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट आणि डिझेलच्या पावत्या

१. गाडीची वही काढा

पाना हातात घेण्याआधी एक पान लिहून काढा: कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, कितव्या नंबरचा इंजेक्टर गेला, तो नवा होता की रिपेअर केलेला, कुणी बसवला, त्या आधीच्या महिन्यात डिझेल कुठे भरलं, मध्ये गाडीवर वेल्डिंग, बॉडीकाम किंवा पंपाचं काम झालं का.

या पानाने अर्धं काम होतं. एकाच नंबरचा इंजेक्टर पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष त्या जागेचा आहे: सीट (इंजेक्टर जिथे टेकतो तो तळ), वायसर, क्लॅम्प, कनेक्टर पाइप, त्या सिलिंडरची वायर किंवा कॉम्प्रेशन. वेगवेगळ्या नंबरचे एकामागून एक जात असतील तर दोष सगळ्यांना जे मिळतं त्यात आहे, म्हणजे डिझेल, फिल्टर, टाकी किंवा हाय प्रेशर पंप. आणि पंप बदलल्यावर थोड्याच दिवसांत सगळे गेले असतील तर जुन्या पंपाचा चुरा अजून लाइनमध्ये फिरतोय, असं धरूनच चाला.

स्कॅनरवर बिघाडाचे कोड आले असतील तेही तिथेच लिहा. ट्रकमध्ये एसपीएन (बिघाड कुठल्या भागात ते सांगणारा नंबर) ६५१ ते ६५६ हे अनुक्रमे १ ते ६ नंबरच्या इंजेक्टरचे असतात, १५७ रेल प्रेशरचा आणि ९७ डिझेलमधल्या पाण्याचा. सोबत एफएमआय (बिघाड कसला ते सांगणारा नंबर) ५ असेल तर सर्किट तुटलंय, ६ असेल तर शॉर्ट आहे, ७ असेल तर वायर ठीक पण आतला भाग काम करत नाही. कोड मिटवायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. मिस्त्री सवयीने आधी कोड मिटवतात आणि पुरावा जातो.

२. खोललेला इंजेक्टर परत मागा

बहुतेक मालक जुना इंजेक्टर लॅबमध्येच सोडून येतात. तसं करू नका. तो का मेला हे तोच सांगतो. लॅबवाल्याला बेंचचा (इंजेक्टर तपासायच्या मशीनचा) छापील रिपोर्ट मागा आणि तो उघडेल तेव्हा समोर उभे राहा. चांगला लॅबवाला याला कधीच नाही म्हणत नाही.

भिंगाखाली काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय:

- नीडलवर (नोझलमधल्या सुईवर) किंवा आतल्या भागांवर तांबूस गंज किंवा बारीक खड्डे: पाणी
- सरळ उभे चमकदार ओरखडे, बॉलची सीट खाल्लेली: धूळ-माती, म्हणजे फिल्टर काम करत नाही
- चकाकणारे धातूचे कण: हाय प्रेशर पंप
- तपकिरी, लाखेसारखा चिकट थर, नीडल अडकणारी: खराब किंवा भेसळीचं डिझेल
- नोझलचं टोक निळं-जांभळं पडलेलं: उष्णता. वायसर गळतोय, किंवा इंजिन गरम चालतंय

आतल्या भागांमधली फट एक ते तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी धूळही इथे सॅंडपेपर होते.

३. टाकीपासून सुरुवात

वेगवेगळे इंजेक्टर जात असतील तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा उत्तर टाकीत किंवा फिल्टरमध्येच सापडतं, आणि मिस्त्री सगळ्यात शेवटी बघतात तेही तिथेच.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता टाकीच्या तळाच्या ड्रेन नटमधून एक बाटली आणि वॉटर सेपरेटरच्या बाउलमधून दुसरी बाटली भरा. टाकीच्या तोंडातून घेतलेलं सॅंपल कामाचं नाही, पाणी आणि गाळ तळाशी असतात. बाटल्या काही तास हलवू नका. खाली पाण्याचा थर बसला तर प्रश्न सरळ आहे. डिझेल धुरकट दिसत असेल तर पाणी मिसळलेलं आहे. डिझेल आणि पाणी यांच्या मध्ये काळी, बुळबुळीत साय दिसली तर टाकीत जंतू वाढलेत. ही साय फिल्टर चोंदवते आणि आम्लही सोडते. अशी टाकी उतरवून आतून धुवावीच लागते. नुसतं औषध टाकून वरची साय सुटते आणि एकदम फिल्टरवर येऊन बसते.

पाणी कुठून येतं? पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्री गाडी उभी केली की वरच्या हवेतली वाफ थंड होऊन भिंतीवर जमते आणि खाली उतरते. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, ब्रीदर (टाकीत हवा जायची वाट) तुटलेला असतो, आणि वॉशिंग सेंटरवाला नेमका तिथेच प्रेशर मारतो. रात्री टाकी भरून उभी करणं, झाकणाचं रबर बदलणं आणि सेपरेटरचं पाणी रोज सकाळी सोडणं, यावर होणारा खर्च एका इंजेक्टरच्या पॅकिंगएवढाही नाही. ड्रायव्हरला डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा ओळखायला शिकवा. तो लागल्यावर गाडी पुढे रेटली तर त्या एका फेरीतही सगळे इंजेक्टर जाऊ शकतात.

भेसळीचं बोलायचं तर रॉकेल मिसळलं की डिझेलचा वंगणगुण उतरतो, आणि पंप व इंजेक्टर दोघांनाही वंगण डिझेलचंच असतं. शिवाय बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत आणलेलं आहे. ते काढताना वंगणगुण कमी होतो म्हणून रिफायनरी वेगळा अ‍ॅडिटिव्ह घालते. त्यात रॉकेल ओतणं म्हणजे तो हिशेबच मोडणं. हायवेच्या कडेला बॅरलमधून किंवा "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकलं जाणारं तेल तर घेऊच नका. लिटरमागे वाचलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये जातात.

पेट्रोल पंपावर डेन्सिटी तपासून मागणं हा तुमचा हक्क आहे. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता असतो. १५ अंशांवर आणलेला आकडा आणि पंपाच्या नोंदीतला आकडा यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर ते डिझेल घेऊ नका. मात्र डेन्सिटी बरोबर आली म्हणजे डिझेल शुद्ध, असंही नाही. पाणी आणि गाळ डेन्सिटीत दिसत नाहीत.

बीएस-६ गाडीत आणखी एक संकट असतं. डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, चुकून डिझेलच्या टाकीत जातं. नवा ड्रायव्हर, रात्रीची वेळ, एवढं पुरतं. असं झालं तर चावीसुद्धा फिरवू नका. टाकी उतरवा, पूर्ण धुवा. एकदा ते पंपापर्यंत गेलं की युरियाचे खडे आणि गंज सगळी यंत्रणा संपवतात.

४. फिल्टर

ओरिजिनल घ्या, हे सगळेच सांगतात. मी त्यापुढचं सांगतो. निघालेला फिल्टर फेकू नका, कापून बघा. हॅक्सॉने कापू नका, त्याचाच कीस आत पडतो. पत्रा कापायच्या कटरने कडा कापा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात बघा आणि चुंबक फिरवा. गंजाचा लाल चिखल, काळी साय किंवा चमकणारे कण, जे दिसेल त्याने पुढची दिशा ठरते. कागद सुटलेला, घडी फाटलेली किंवा कडेचा गोंद निघालेला असेल तर तो फिल्टर नुसता नावाला होता.

नवा फाइन फिल्टर बसवताना त्यात वरून कॅनमधलं डिझेल ओतून भरायची पद्धत सगळीकडे दिसते. मधल्या भोकातून ओतलेलं ते डिझेल न गाळता सरळ हाय प्रेशर पंपात जातं. फिल्टर कोरडाच बसवा आणि हँड प्राइमरने भरा. हात दुखतो, वेळ लागतो, पण हेच बरोबर आहे.

५. हवा आणि लो प्रेशर लाइन

फिल्टरनंतर पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा आणि इंजिन चालवा. सुरुवातीचे चार बुडबुडे ठीक आहेत. सतत बुडबुडे येत असतील तर टाकीतल्या सक्शन पाइपपासून प्रत्येक जोड तपासा. हवा आली की पंपाला आणि इंजेक्टरला वंगण तुटतं, आणि बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात. टाकीतली जाळी चोंदली, रबर पाइप आतून सोलला किंवा चेसिसला दबला तरी पंप उपाशी राहतो. रिटर्न लाइनही बघा. ती दबलेली असेल तर मागे प्रेशर साठतं आणि इंजेक्टरची वेळ बिघडते.

६. हाय प्रेशर पंप आणि चुरा

इंजेक्टरमध्ये किंवा फिल्टरमध्ये चमकणारे कण मिळाले असतील तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून आत टॉर्च मारा. तिथे चकाकी दिसली तर पंप आतून झिजतोय. अशा वेळी फक्त इंजेक्टर बदलणं म्हणजे पैसे जाळणं. पंप, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पाइप बदलावे लागतात, रेल बदलावी किंवा नीट साफ करावी लागते, रिटर्न लाइन धुवावी लागते आणि टाकीही. चुरा रिटर्नमधून टाकीत जातो आणि तिथून पुन्हा फिरून येतो. हे बिल ऐकून घाम फुटतो, मला माहीत आहे. पण अर्धवट काम केलं तर तेच बिल दोनदा भरावं लागतं.

७. रिटर्न टेस्ट

ज्या इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न बाहेरून येतो, तिथे सगळे रिटर्न पाइप काढून वेगवेगळ्या मोजपात्रांत सोडा, ठरावीक वेळ आयडलला चालवा आणि तुलना करा. ज्याचा रिटर्न बाकीच्यांपेक्षा फार जास्त, तो आतून गळतो.

काही इंजिनांत रिटर्न हेडच्या आतून जातो आणि हाय प्रेशर डिझेल एका छोट्या कनेक्टर ट्यूबमधून इंजेक्टरपर्यंत येतं. इथे खूप जण फसतात. त्या ट्यूबचं टोक नीट बसलं नाही किंवा घासलं गेलं तरी डिझेल तिथूनच रिटर्नमध्ये गळतं आणि टेस्टमध्ये इंजेक्टर खराब वाटतो. नवा इंजेक्टर टाकला की ट्यूबही हलते, काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. ट्यूबच्या टोकावर रेघ किंवा खाच दिसली तर ट्यूब बदला. बसवतानाचा आवळायचा क्रम पुस्तकात दिलेला असतो, तो तसाच पाळा.

८. अदलाबदल

एकाच नंबरचा त्रास असेल तर सगळ्यात खात्रीची चाचणी ही. तो इंजेक्टर शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा, तिथला इकडे आणा. दोन्हीकडे वायसर नवे आणि कोडही अदलाबदल करून टाका. मिसिंग इंजेक्टरबरोबर गेलं तर दोष इंजेक्टरचा. मिसिंग तिथेच राहिलं तर इंजेक्टर निर्दोष आहे. वायरिंग, सीट आणि कॉम्प्रेशन तपासा.

वायरिंगमध्ये हार्नेस कुठे घासतंय, कनेक्टरमध्ये हिरवट गंज आहे का आणि इंजिनची अर्थिंग पट्टी घट्ट आहे का, हे बघा. सोलेनॉइडचा (इंजेक्टर उघडणाऱ्या कॉइलचा) रेझिस्टन्स बहुतेक वेळा १ ओहमच्याही आत असतो. त्यामुळे आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा आणि सगळ्या इंजेक्टरची तुलना करा. इंजिन चालू असताना या वायरींना हात लावू नका, ईसीएम तिथे बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज सोडतो. चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचं सॉकेट काढल्याशिवाय बॉडीवाल्याला होल्डर हातात घेऊ देऊ नका.

९. सीट, वायसर आणि बसवणं

आमच्या एका गाडीचा चार नंबरचा इंजेक्टर वारंवार जायचा. बाकी पाच ठणठणीत. प्रत्येक वेळी नोझलचं टोक निळं आणि वर काजळीचा जाड थर. वायरिंग तपासलं, कॉम्प्रेशन बघितलं, सगळं बरोबर. शेवटी इंजेक्टर काढून त्या भोकात टॉर्च आणि आरसा घालून नीट बघितलं. तळाशी काळी कड दिसत होती, सीटचाच भाग वाटावी अशी. लांब स्क्रूड्रायव्हरने हलकेच खरवडली तर आतून तांबं चमकलं. आधी कधीतरी बसवलेला वायसर तळाला चिकटून राहिला होता आणि प्रत्येक नवा इंजेक्टर नवा वायसर घेऊन त्याच्यावर बसत होता. दोन वायसरमुळे नोझल वर राहिलं होतं, फवारा पिस्टनच्या खळग्यात नेमका पडत नव्हता, आणि काजळी भरलेल्या फटीतून गरम गॅस टोकाला भाजत होता. तो वायसर काढला, सीट साफ केली आणि त्रास कायमचा मिटला.

म्हणून बसवताना:

- काढलेल्या इंजेक्टरला वायसर चिकटून आलाय का बघा. नसेल तर तो खाली आहे
- सीट तिच्यासाठीच्या ब्रशने किंवा रीमरने साफ करा, कचरा सिलिंडरमध्ये पडू देऊ नका
- वायसर नवा आणि त्याच जाडीचा. जुना तापवून पुन्हा वापरू नका
- क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानेच. जास्त आवळला तर इंजेक्टरची बॉडी वाकते आणि नीडल अडकते, कमी आवळला तर गॅस गळतो
- वरच्या वायरीच्या छोट्या नटांना टॉर्क अगदी कमी असतो, अंदाजाने आवळले तर स्टड तुटतात
- हाय प्रेशर पाइपचे कोन घासलेले असतील तर पाइप नवे टाका
- इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये टाका. यात आळस केला तर नवा इंजेक्टर जुन्याच्या हिशेबाने डिझेल टाकतो

रिपेअर केलेल्या इंजेक्टरला माझा विरोध नाही, पण बेंचचा रिपोर्ट आणि नवा कोड देणाऱ्या लॅबकडूनच घ्या. नुसतं "बघितलाय, ओके आहे" म्हणणाऱ्याकडून नको.

१०. इंजिन ऑइल तपासायला विसरू नका

डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर टपकत होता किंवा त्याची ओ-रिंग कापली गेलीय. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात. टपकणाऱ्या नोझलने पिस्टनला भोक पडतं, त्यामुळे त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनही बघून घ्या. पिकअपसाठी कुणी ईसीएमची सेटिंग बदलून घेतली असेल तर ती मूळची करून घ्या. वाढवलेलं डिझेल आणि वाढलेली उष्णता यांचा पहिला मार इंजेक्टरच्या टोकावर बसतो.

११. काम झाल्यावर

पहिले दोन-तीन दिवस गाडी जवळच्या फेरीवर ठेवा. रोज सकाळी सेपरेटर सोडा, डिपस्टिक बघा, लीक बघा. टाकी धुतली असेल तर पहिले फिल्टर लवकर बदला, कंपनीचं पूर्ण अंतर होईपर्यंत थांबू नका. सुटलेला गाळ त्यातच अडकतो आणि तो कापून बघितला की टाकी खरंच साफ झाली का ते कळतं. लोड भरून घाटात जा आणि स्कॅनरवर मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर जुळतंय का बघा. वॉरंटीसाठी इंजेक्टरचं बिल, बेंच रिपोर्ट, कोडच्या स्क्रीनचा फोटो आणि डिझेलच्या पावत्या एकत्र ठेवा. त्या वेळचं बाटलीतलं सॅंपलही तारीख आणि गाडी नंबर लिहून, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या जागी ठेवा.